नर्मदाकाकूंचं जांभळं लुगडं

टीव्हीवर बगळ्याचं ते कार्टून लागलं की अवंती अख्ख्या गल्लीला हाका मारायची. मी शेजारची, भिंतीला भिंत लागून, म्हणून पहिली हाक मला. "अंजनीआजी, बगळा आला, जल्दी!" मी गॅस बारीक करून जायचीच. कार्टून म्हणजे काय, तर एक वेंधळा बगळा चोचीत गाठोडं धरून उडत येतो, दार चुकतो अन् कोंबडीच्या घरी सशाचं पिल्लू टाकून जातो. मग नुसता सावळा गोंधळ. ते पिल्लू दाणे टिपत नाही, कोंबडी डोक्याला हात लावून बसते. शेवटी बगळ्याला आपली चूक कळते, तो पिल्लांची अदलाबदल करतो अन् दोन्ही घरं अंगणात नाचतात. पाच वर्षांची पोरगी पोट धरधरून हसायची. तिच्याहून जास्त हसायच्या नर्मदाकाकू.

"आजी, मला पण बगळ्यानं आणलं?"

"बगळ्याची काय बिशाद! तुला मी आणलं, या हातांनी."

खोटं नव्हतं ते. नर्सिंग होमच्या व्हरांड्यात आयाच्या हातून अवंतीला सगळ्यांत आधी घेतलं ते काकूंनीच. त्याचा त्यांना केवढा तोरा होता, बाई! आमच्या सगळ्या मदन महाल मोहल्ल्याला ऐकवून झालं होतं.

तोरा हा काकूंचा स्वभावच. लग्न होऊन नागपूरकडून जबलपूरला आल्या तेव्हा सतरा-अठराच्या असतील. नवरा रेल्वेत होता, तो जाऊनही बरीच वर्षं झाली. पाच मुलं, पाचही जिवंत, पाचही धडधाकट. एकाचंही कधी दवाखान्यात नाव नोंदवलं गेलं नाही, हे त्या येताजाता सांगणार. चार आपापल्या गावी गेली, धाकटा अनुपम अन् त्याची बायको विनता काकूंजवळ राहिली. जिभेला हाड नाही. माझ्या हातची भाजी खाऊन म्हणायच्या, "अंजनी, ही आजाऱ्याला देऊन राहिली होतीस का?" मीही काही कमी नाही. मी म्हणायची, "तुम्हाला चव कळते तरी का, दात तरी किती राहिले?" मग दोन दिवस अबोला, अन् तिसऱ्या दिवशी वाटी घेऊन दारात हजर.

अन् त्यांचं ते नऊवार. जबलपुरात नऊवार नेसणाऱ्या बायका आता शोधाव्या लागतात. काकूंनी ते कधी सोडलं नाही. नागपुरी सुती लुगडी, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. आमच्यात नव्या बाळाच्या अंगाला बारशापर्यंत नवं कापड लावत नाहीत. जुनं मऊ लुगडं लागतं, अन् तेही कुणाचंही चालत नाही. जिची सगळी मुलं जगली, वाढली, अशा लेकुरवाळीचंच पाहिजे. मग काय, इथल्या मराठी घरात कुणी पोटुशी राहिली की तिची सासू काकूंच्या दारात. काकू पेटी उघडणार, लुगडं निवडणार, काठाला दातांनी चीर पाडणार अन् मग हातांनी टर्रकन फाडणार. कात्री लावायची नाही, हा त्यांचा दंडक होता. कात्रीनं तुटतं, म्हणायच्या, हातानं फाडलं की वाटलं जातं. अर्ध्या जबलपूरची मराठी पोरं त्यांच्या लुगड्यात गुंडाळली गेली असतील, अन् रस्त्यात एखादं शाळकरी पोर दिसलं की काकू सांगायच्या, "हा माझ्या हिरव्यातला." पोर बिचारं लाजून पळायचं.

विनताला लग्नानंतर खूप वर्षांनी दिवस गेले, तेव्हा काकूंनी त्यांचं जीव की प्राण असलेलं जांभळं लुगडं काढलं. पिवळ्या करवती काठाचं. त्याच सुमाराला रिछाईकडची एक बाई सुनेला घेऊन आली. सून म्हणजे शैलजा, तिचा नवरा केतन तिकडच्याच एका कारखान्यात. शैलजाही पोटुशी होती. काकूंनी लुगडं मधोमध फाडलं. अर्धं घरात ठेवलं, अर्धं शैलजेच्या ओटीत घातलं. म्हणाल्या, "नागपूरला माहेरी चाललीस नं बाळंतपणाला? जा, सुखानं ये."

पण ती नागपूरला पोचलीच नाही. कळा आधीच सुरू झाल्या अन् तिला सिविल लाइंसातल्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये नेलं. त्याच दुपारी, त्याच ठिकाणी विनताही होती. दोघींचं सिझर लागोपाठ झालं. दोन्ही मुली. आम्हाला दुसरीचा पत्ताच नव्हता. तिची माणसं खाली औषधांच्या दुकानात धावत होती.

मी तिथं होते, चहाचा थर्मास घेऊन. आया दारातून बाहेर आली, हातात जांभळं गाठोडं. "ये जामुनी कपड़े वाला किसका है?" काकू ताडकन उठल्या. "हमारा है! अपनी साड़ी मैं नहीं पहचानूँगी?" काठावरून हात फिरवला अन् गाठोडं छातीशी घेतलं. आयानं विनताचं नाव लिहिलेली पट्टी त्या इवल्याशा मनगटाला तिथंच बांधली. थोड्या वेळानं आतून आणखी एक जांभळं गाठोडं बाहेर आलं असणार. आम्ही तोवर विनताच्या खोलीत पेढे वाटून राहिलो होतो.

पाच वर्षं. काय सांगू कशी गेली ती! अवंती आजीवेडी निघाली. आईजवळ जेवायची, बाबाजवळ खेळायची, पण झोपायला आजी. काकूंच्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरल्याशिवाय पोरीचा डोळा लागायचा नाही. काकू तिथंच अवघडून पडून राहायच्या, कंबर मोडून जायची, पण मूठ सैल होईपर्यंत हलायच्या नाहीत. विनता चिडवायची, "आई, मी नुसती नावाची आई, खरी तर तुम्हीच."

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी आम्ही दोघी ओट्यावर मटार सोलत बसलो होतो. फाटक वाजलं. एक बाई आत आली, डोळे खोल गेलेले, केस विंचरायचंही भान नाही.

"काकू, ओळखलं का? मी शैलजा. केतनची बायको, रिछाईची."

काकूंना ओळखायला वेळ लागला. मग म्हणाल्या, "अगं बाई! ये, बस. लेकरू कसं आहे?"

तिनं पिशवीतून जांभळा तुकडा काढला. धुवून, घडी घालून ठेवलेला. "हे तुमचंच नं?"

"माझंच. काहून?"

मग ती बोलली, एका दमात, जणू थांबली तर परत बोलता येणार नाही. तिच्या चिन्मयीच्या अंगात रक्त तयार व्हायचं बंद झालं होतं. नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, कुणा सख्ख्याचा बोन मॅरो घालावा लागेल, आई-बापाचा निदान अर्धा तरी जुळतोच. आधी केतनची तपासणी झाली, काहीच जुळलं नाही. मग सासूनं शैलजेकडे अशा काही नजरेनं पाहिलं की घरात पाणी मागायची चोरी झाली. नंतर शैलजेची तपासणी झाली, तर तिचंही जुळलं नाही. मूल दोघांचंही नव्हतं. तेव्हा तिला आठवलं, बाळ हातात देताना आया हसून म्हणाली होती, आज तो दो-दो जामुनी आए.

"काकू, त्या दिवशी तुमच्याकडची बाळंतीण पण तिथंच होती का?"

विनता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिला काकूंच्या आधी कळलं. तिनं काकूंकडे पाहून मान हलवली. नाही, नाही, असं. मी पाहिलं. काकूंनीही पाहिलं.

शैलजा हात जोडून म्हणाली, "मला माझी मुलगी न्यायची नाही, काकू. देवाशपथ. चिन्मयीला तिची आई पाहिजे. तिच्या आईचंच जुळेल. नाहीतर ती राहत नाही."

काकूंच्या मांडीवरचं मटाराचं ताट कलंडलं, दाणे ओट्यावरून खाली घरंगळले. मग म्हणाल्या, "होती. मीच घेतलं बाळ. कापड पाहून घेतलं गं. तोंड नाही पाहिलं."

विनतानं दारातच बसकण मारली.

पुढं तपासण्या झाल्या अन् जे व्हायचं तेच निघालं. विनता नागपूरला गेली. जाताना तिच्या मनात काय होतं ते तिलाच माहीत. अवंतीला उराशी धरून गाडी सुटायची वेळ झाली तरी सोडेना. पण गेली. तिचा बोन मॅरो अर्धा जुळला. डॉक्टर म्हणाले, चालेल, करू. काकूंनी इकडे देव पाण्यात ठेवले. मला म्हणाल्या, "अंजनी, माझ्या तोंडून चूक झाली, पण पोर वाचलं तर मी मरायला मोकळी."

विनतानं आपली पोटची मुलगी पहिल्यांदा पाहिली ती काचेपलीकडून. डोक्यावर केस नाहीत, तोंडाला मास्क, अन् डोळे थेट अनुपमचे. चिन्मयी तिला मावशी म्हणायची. काचेला हात लावून विचारायची, "मावशी, तू रडून काहून राहिली? तुला पण सुई टोचली?" विनता म्हणायची, "हो गं, टोचली." दिवस ठरला. अन् त्याच्या आदल्या आठवड्यात पोरीला ताप भरला. छातीत उतरला. अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं. विनतानं तिला पहिल्यांदा जवळ घेतलं, तेव्हा ती गेलेली होती.

विनता परत आली ती सुकून काटकी होऊन. काकू पुढं झाल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवायला. तिनं हात बाजूला केला. ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "तुमच्या एका बोलण्यानं माझी एक गेली, आई. आता दुसऱ्या बोलण्यानं दुसरी जाईल. पाहा तुम्ही." त्यानंतर तिनं काकूंशी बोलणंच टाकलं. ताट समोर ठेवायची, औषध ठेवायची, सगळं करायची, पण शब्द नाही.

अन् तसंच झालं. महिना-दीड महिन्यानं केतन अन् शैलजा आले. केतन आधी कायद्याचं बोलला, मग रडायला लागला. शैलजा अंगणात सायकल चालवणाऱ्या अवंतीकडे पाहत बसली. त्यानंतर ती रोज दुपारी यायची अन् फाटकाबाहेर उभी राहायची. आत ये म्हटलं तर यायची नाही. माझं डोकं सणकलं. मी गेले अन् तोंडावर बोलले, "देवाची शपथ घेतली होतीस नं? मुलगी नेणार नाही म्हणून? लाज नाही वाटत?"

ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "अंजनीकाकू, तेव्हा माझ्याजवळ चिन्मयी होती."

मी घरात आले अन् दार लावून घेतलं.

अनुपमनं वकील गाठला. वकील म्हणाला, लढायचं तर लढू, पण वर्षं जातील, पोरीला कोर्टाच्या खेपा घडतील, अन् शेवटी पारडं रक्ताकडेच झुकेल. अनुपम मऊ माणूस. रोज फाटकाबाहेरची ती बाई पाहून तो आतून खचत गेला. एक दिवस म्हणाला, "त्यांनी आपली शेवटपर्यंत सांभाळली, विनता. त्यांच्या हाताला काहीच नाही आता." विनता म्हणाली, "अन् माझ्या?" पण ती एकटी पडली होती. आधी अवंतीला रविवारी तिकडे पाठवून पाहिलं. गेली, खेळली, संध्याकाळी परत आली. मग ठरलं की आता तिकडेच राहायचं, भेटायला इकडे यायचं.

पोरीला सांगायचं कसं? अनुपमला दुसरं काही सुचलं नाही. त्यानं कार्टूनच सांगितलं. म्हणाला, "तो बगळा आठवतो नं बेटा? आपल्याकडे पण त्याचं चुकलं."

जायच्या दिवशी विनता खोलीत गेली अन् आतून कडी लावली. अनुपमनं पोरीला दोनदा उचललं, दोनदा फाटकातून परत आला. शैलजा रिक्षा घेऊन यायची होती, तर अवंती म्हणे, मी त्या काकूबरोबर नाही, आजीबरोबर जाणार. तेव्हा काकू खुंटीवरची पिशवी घेऊन उठल्या. "मी आणलं होतं, मीच नेऊन पोचवते." मला म्हणाल्या, "चल, अंजनी." पहिल्यांदा त्या बाईनं माझ्याजवळ काही मागितलं.

ऑटोत अवंती आमच्या दोघींच्या मधे बसली. मांडीवर बाहुली, पायांत नवे बूट. रिछाईचे कारखाने दिसायला लागले तशी म्हणाली, "आजी, म्हणजे आता त्यांच्याकडचं बाळ आईकडे येणार नं?"

काकूंनी तिच्या बुटाची पट्टी नीट लावली.

"बगळा दोन्ही बदलतो नं? मी इकडे आले तर ते तिकडे येणार. नाहीतर आई अकेली पडेल."

मी बाहेर तोंड केलं. ऑटोवाल्यानं आरशातून आमच्याकडे पाहिलं अन् परत रस्त्याकडे. काकू एवढंच म्हणाल्या, "बाहुलीला नीट धर, पडेल."

शैलजेचं घर स्वच्छ, दोन खोल्यांचं. चिन्मयीचा हार घातलेला फोटो त्यांनी त्या दिवसापुरता काढून ठेवला असावा. भिंतीवर तेवढीच चौकोनी जागा उजळ दिसत होती. शैलजेनं शिरा केला होता. अवंतीनं दोन घास खाल्ले. मग दुपारचं ऊन चढलं, पोरीचे डोळे जड झाले अन् ती सवयीनं काकूंजवळ सरकली. पदराचं टोक मुठीत घेतलं. काकू भिंतीला टेकून बसल्या, तिला थोपटत राहिल्या. त्यांच्या तोंडून अंगाई येत नव्हती, नुसते ओठ हलत होते. पोरगी झोपली.

आता निघायला पाहिजे होतं. ती जागी असताना निघणं झालंच नसतं. काकूंनी पदर हळूच ओढला तर मूठ आणखी घट्ट झाली अन् अवंती झोपेत कण्हली. शैलजेनं बोटं एकेक करून सोडवून पाहिली. जमेना. केतन दाराशी उभा होता, तो आत जाऊन कात्री घेऊन आला.

"कात्री नको," काकू म्हणाल्या.

त्यांनी पदराचा काठ तोंडाशी नेला. पण दात कुठं होते? हिरड्यांनी धरला, सुटला. परत धरला. चीर काही पडेना. अर्ध्या जबलपूरला लुगडी फाडून देणारी ती बाई. मला पाहवेना, मी उठायला गेले, पण शैलजा आधी पुढं झाली. खाली वाकली, काकूंच्या छातीशी तोंड नेऊन तिनं काठाला दातांनी चीर पाडली, अन् दोन्ही हातांनी, आवाज होऊ नये म्हणून अगदी हळूहळू फाडत नेलं. फाडताना तिचे डोळे वाहत होते, काकूंचेही. तुकडा पोरीच्या मुठीत राहिला. काकू उठल्या, मागं वळून पाहिलं नाही.

येताना दुसरा ऑटो केला. मला बोलायचं होतं. सांगायचं होतं की काकू, तुम्ही गप्प बसला असता तरी चिन्मयी गेलीच असती, निदान ही तरी राहिली असती. हे आधार देणं झालं असतं की डागणी, तेच कळेना, म्हणून गप्प बसले. मधे एकदा काकूच म्हणाल्या, "त्या दिवशी पोराचं तोंड पाहायला काय झालं होतं मला?" पदराचं फाटकं टोक त्यांनी हातात गुंडाळून घेतलं होतं.

घरी पोचलो तर फाटक उघडंच. विनता ओट्यावर बसली होती, कधीची कोण जाणे. तिनं आधी काकूंच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग त्या फाटक्या पदराकडे. एवढ्या महिन्यांत काकूंशी ती पहिल्यांदा बोलली.

"झोपली?"

"झोपली," काकू म्हणाल्या.

"अन् उठल्यावर?"

काकू फाटक धरून उभ्या राहिल्या. त्यांना आत येता येईना. विनताही उठली नाही. ऑटोवाला थोडा वेळ थांबला, मग तोही निघून गेला.